बंदराजवळचं आमचं नसलेलं घर

या सगळ्यात आमच्या ह्यांना मिळणार होतं ते असं: तळघरातल्या नोंदणी विभागातून सुटका, तिसऱ्या मजल्यावर खिडकी असलेली खोली, दोन्ही हात शाबूत असलेली खुर्ची आणि दाबली की कुणीतरी धावत येतं अशी घंटा. मला मिळणार होतं एवढंच, की घंटा वाजवायची हौस ते घरी माझ्यावर भागवणार नव्हते.

ही जागा कुणाला द्यायची ते नवे साहेब ठरवणार होते. ज्याला आपलं मूळ ठाऊक आहे तोच जबाबदारी पेलतो, असं साहेबांचं ठाम मत. शिवाय त्यांच्या बाईंना जुन्या घरांचं वेड. ह्यांनी दोन्हींची सांगड घातली आणि जेवणाच्या सुट्टीत सांगून मोकळे झाले, "साहेब, बंदराजवळच्या जुन्या वस्तीत आमचं घर आहे. माझा जन्म तिथलाच. रविवारी चला बाईंना घेऊन, दाखवतो."

ह्यांचा जन्म शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बस आगारासमोरच्या दवाखान्यात झाला. बंदराकडे ते आयुष्यात एकदाच गेले होते, तेही चुकीच्या बसमध्ये चढले म्हणून.

"अहो, पण दाखवणार कुठलं घर?"

"कुठलंही. तिथे सगळी सारखीच दिसतात. लांबून बोट दाखवायचं, एक सुस्कारा सोडायचा, पुढे चालू लागायचं. तू नुसती मान हलव."

मान हलवण्याचा मला चांगला सराव आहे. लग्न होऊन बरीच वर्षं झाली.

रविवारी आम्ही चौघं त्या वस्तीत शिरलो. समुद्राकडे उतरत जाणाऱ्या दगडी गल्ल्या, खाऱ्या वाऱ्याने रंगाचे पोपडे निघालेले दरवाजे, गल्लीवर झुकलेले लाकडी सज्जे. बाई फोटो काढून थकेनात. ह्यांनी एक निळ्या सज्ज्याचं घर हेरलं. खिडक्या बंद, माणसाचा मागमूस नाही.

"हे आमचं घर," त्यांनी आवाज जड केला. "त्या सज्ज्यात वडील समुद्राकडे बघत बसायचे. आता सज्जा आहे, वडील नाहीत."

सासरे त्या वेळी आमच्या घरी टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत बसले होते. मी मान हलवली.

सुस्कारा अर्ध्यावर आला असतानाच सज्ज्याचं दार उघडलं. ओला टॉवेल खांद्यावर टाकलेल्या एक मावशी बाहेर आल्या.

"कोण रे तू? मालकांचा मुलगा?"

ह्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब कौतुकाने ह्यांच्याकडे पाहत होते.

"हो," हे म्हणाले.

"तिथेच थांब. हलू नकोस."

वयाच्या मानाने मावशी फारच लवकर खाली पोचल्या. त्यांनी ह्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "ओळखू येत नाहीस. नाक मात्र बापाचंच. किती वर्षं शोधतोय आम्ही भाडेकरू तुला. या वस्तीत मालकाच्या होकाराशिवाय भिंतीत खिळा ठोकता येत नाही. छत गळतंय, सज्जा लटकतोय, आणि पालिका म्हणते आधी मालक आणा. आणू कुठून? तू तर बोटीवर चढून पळालास."

"पळालात?" साहेबांनी विचारलं.

इथे नाही म्हणता आलं असतं. पण तिसऱ्या मजल्यावरची खिडकी ह्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असणार.

"लहान होतो, साहेब."

"लहान कसला? मिशी फुटली होती चांगली. बाप त्या सज्ज्यात रोज तुझी वाट बघायचा. अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा खुर्ची समुद्राकडे वळवून घेतली त्याने."

बाईंनी फोटो काढणं थांबवलं आणि रुमाल शोधला. मी मान हलवू की नको, ते मला कळेना.

मग आम्हाला वर नेण्यात आलं. प्रत्येक गळतीखाली एक भांडं होतं. मावशींच्या चहालासुद्धा भांडं उरलं नव्हतं, त्यामुळे आम्हाला पाणीच मिळालं.

"जा, तुझी खोली बघून ये," मावशी म्हणाल्या.

हे भरल्या डोळ्यांनी उठले, ठाम पावलांनी चालत गेले आणि त्यांनी संडासाचं दार उघडलं.

"सगळं बदललंय," हे पुटपुटले.

"काही बदललेलं नाही," मावशी म्हणाल्या. "बदलताच येत नाही, तेच तर मघापासून सांगतेय."

निघताना साहेबांनी स्वतः ह्यांचा फोन नंबर मावशींना लिहून दिला आणि वर ऑफिसचा पत्ताही.

परत निघताना आम्ही साहेबांच्या गाडीत बसलो. शेवटी ह्यांचा धीर सुटला. "साहेब, खरं सांगू? ते घर आमचं नाहीच. वडील ठणठणीत आहेत. घरी आहेत."

साहेबांनी आरशातून ह्यांच्याकडे पाहिलं, अगदी दुःखाने. "मुलगा पळून जातो, तेही एक वेळ समजू शकतो मी. पण सगळं डोळ्यांनी पाहून आल्यावर घरच नाकारायचं?"

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि बिचाऱ्या वडिलांना जिवंत म्हणायचं."

तिसऱ्या मजल्यावरची खोली ह्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मिळाली. तो आजवर कुठे गेलेलाच नाही. साहेबांच्या मते त्याने मूळ सोडलं नाही.

तर आता कुणाला काय मिळालं? बाईंना फोटो मिळाले. साहेबांना आपलं मत खरं ठरल्याचं समाधान मिळालं. मावशींना मालक मिळाला. पालिका मालकीचा पुरावा मागते, तो हे आणणार कुठून? पण गेलं नाही तर मावशी ऑफिसात येतील, म्हणून दर रविवारी खांद्यावर शिडी घेऊन हे स्वतःच छताची भोकं बुजवायला जातात. काम झालं की सज्ज्यातल्या त्या खुर्चीत बसतात म्हणे. मी बोलले तर म्हणतात, "तिथे निदान खिडकी आहे."

सासऱ्यांना कुठूनशी कुणकुण लागलीय. रोज जेवताना विचारतात, "सूनबाई, मी गेलो तरी कशाने?"

आमच्या न्हाणीघरातला नळ दोन वर्षांपासून गळतोय. त्याखाली आता पातेलं ठेवते. बादली मावशींकडे गेली.