देवणी मुक्कामी ड्रोन

आमच्या शेजारच्या माणिककाकांचा ड्रोन डबल बेल मिळाल्याशिवाय उडत नाही.

ड्रोनला तशी काही गरज नसते, तो बटण दाबलं की उडतो. गरज काकांना आहे. निलंग्याच्या डेपोत त्यांनी कंडक्टर म्हणून उभी हयात घालवली आणि दोन घंट्या झाल्याशिवाय चाक हललेलं त्यांना खपत नाही. ड्रोनला चाकं नसतात, हे मी एकदा सांगून पाहिलं. फाटकी नोट पुढे करणाऱ्या प्रवाशाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.  ते शेताच्या बांधावर आपली जुनी पत्र्याची तिकीटपेटी ठेवतात, समोर ड्रोन ठेवतात, खिशातून तिकिटाला भोक पाडायचा पंच काढतात आणि पेटीच्या कडेवर टक-टक असे दोन ठोके देतात. मग म्हणतात, "चला, सोडा गाडी." हे ते स्वतःलाच सांगतात, कारण रिमोट त्यांच्याच हातात असतो.

लातूरच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनं मोठा ड्रोन घेतला आणि हा जुना, तळहाताएवढा काकांनी त्याच्याकडून आणला. हौस असेल, असं सगळी गल्ली म्हणाली. मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. इंग्रजी वाचता येतं, चारचाकी आहे आणि दुपारी घरी असतो, या तीन गुन्ह्यांबद्दल मला या खात्यात भरती करून घेण्यात आलं. पहिल्याच दिवशी काकांनी माहितीपुस्तक माझ्या पुढ्यात टाकलं आणि सांगितलं, "सर, ह्यातलं कामाचं तेवढं वाचा. बाकीचं वरिष्ठांसाठी असतंय."

कामाचं पहिलं वाक्य होतं उपग्रहांचं. आभाळातले पुरेसे उपग्रह ड्रोनला सापडले की आपण कुठं आहोत हे त्याला कळतं, मगच तो उडवावा. काकांना हे इतकं पटलं की ते उभेच राहिले. सीटं भरल्याशिवाय गाडी सोडायची नाही, यात न समजण्यासारखं काय आहे? तेव्हापासून मोबाईलच्या पडद्यावरचा आकडा ते मोठ्यानं मोजतात. "नऊ बसले. अकरा. या, या, मागं जागा हाय. चौदा." पलीकडच्या शेतात तूर बघत असलेला माणूस घाबरून रस्त्याकडे बघतो. त्याला तिथं फक्त दोन प्रौढ माणसं आणि एक पेटी दिसते.

मोबाईलमधून एक बाई इंग्रजीत सूचना देते. तिला काका 'कंट्रोलर बाई' म्हणतात आणि तिचा फार मान ठेवतात. ती बोलली की रिमोट सांभाळत मान तुकवून "हाव बाई" म्हणतात. प्रत्येक उड्डाणाची लॉगशीट असते. वहीत पट्टीनं आखलेले रकाने: सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, उशीर, उशिराचं कारण, कंडक्टरची सही, ड्रायव्हरची सही. कंडक्टरच्या सहीत काका झोकात नाव लिहितात. ड्रायव्हरचा रकाना कोरा. मी म्हणालो, काका, चालवता तुम्हीच, मग तिथंही तुम्हीच करा की सही. ते म्हणाले, "कंडक्टरनं ड्रायव्हरची सही केली तर नोकरी जाती, सर." निवृत्त माणसाची कुठली नोकरी जाणार, ते मी विचारलं नाही.

पहिले आठ दिवस मात्र ड्रोन सरळ उडेना. वर गेला की एका जागी थांबायचं सोडून जत्रेतल्या पाळण्यासारखा गोल फिरायचा. कंट्रोलर बाई होकायंत्राबद्दल काहीतरी कडक बोलायची. मी पुस्तकात बघून सांगितलं की होकायंत्र बिघडलं तर ड्रोन हातात धरून आपण स्वतःभोवती फिरायचं, आधी आडवा धरून, मग उभा धरून. काका भर दुपारी वावरात गरगर फिरले. वाटेनं चाललेल्या दोन बायकांनी पाटी खाली ठेवून हात जोडले. एवढं करूनही ड्रोन तिकीटपेटीवर, म्हणजे तेव्हाच्या त्याच्या फलाटावर, ठेवला की त्याचं डोकं पुन्हा फिरायचं.

चूक कळली तेव्हा मला हसू आवरेना. पेटी लोखंडी पत्र्याची. ड्रोन तिच्यावर बसवायचा आणि मग त्याला उत्तर दिशा विचारायची! काकांना हे ऐकून वाईट वाटलं. इतक्या वर्षांची पेटी, ती खोटं बोलायला लावते हे त्यांना सहन होईना. शेवटी तडजोड झाली. ड्रोन दहा पावलं दूर पोत्यावर ठेवायचा, पेटी फक्त ठोक्यांपुरती. त्या दिवशी तो आभाळात खिळा ठोकल्यासारखा स्थिर उभा राहिला आणि काकांनी माझा दंड इतका जोरात दाबला की दोन दिवस दुखत होता. "सर, उभा राहिला बगा. हलंना. अप्पा असाच थांबवायचा, फलाटाच्या काठावर."

अप्पा म्हणजे शिवमूर्ती अप्पा, काकांचे ड्रायव्हर. निलंगा ते देवणी, रात्री देवणीतच मुक्काम, सकाळी परत, अशी फेरी या जोडीनं कितीतरी वर्षं केली. अप्पांचं घर देवणीतच, त्यामुळं मुक्कामाला काका त्यांच्याच ओसरीवर जेवायचे आणि झोपायचे. अप्पांचे किस्से मी इतक्यांदा ऐकलेत की त्यांना न बघताही ओळखतो. अप्पा कमी बोलायचे. डबल बेल झाली की कानडीत एकच शब्द, "नडी", म्हणजे चल, आणि गाडी चालू. आणि गाडीला उशीर झाला, मग तो काकांच्या हिशेबी स्वभावानं होवो नाहीतर कुणा म्हातारीचं गाठोडं टपावर चढवताना होवो, कारणाच्या रकान्यात अप्पा एकच लिहायला लावायचे: रस्त्यात जनावरं. देवणीच्या गाईंचा रुबाब सगळ्यांना माहीत. हॉर्नला त्या मान वळवत नाहीत. साहेबही काही बोलू शकायचा नाही. "एकदा बी माझं नाव लागू दिलं न्हाई त्यानं," काका सांगायचे.

होकायंत्र सुधारलं तसा काकांनी खरा बेत उघड केला. निलंगा ते देवणी हा सगळा रस्ता ड्रोननं वरून टिपायचा, थांब्याथांब्याला थांबत. या यंत्रात अशी सोय असते की नकाशावर बिंदू दिले की तो ओळीनं एकेका बिंदूवर जातो, सांगाल तितका वेळ थांबतो आणि पुढे निघतो. काकांना त्यासाठी नकाशा लागलाच नाही. चिंचेचा फाटा, शाळा, बंद पडलेला गूळ कारखाना, मांजरेचा पूल, सगळे थांबे तोंडपाठ. बॅटरीला सगळं अंतर झेपणारं नव्हतं, म्हणून तिकिटाचे जसे टप्पे असायचे तसे अकरा टप्पे केले. ड्रोन वर, खाली मी गाडी चालवतोय, काका मागच्या सीटवर दाराशी रिमोट घेऊन. माझ्या शेजारी ते कधीच बसत नाहीत.

पहिले चार टप्पे थाटात झाले. पाचव्याला झाडीत सिग्नल तुटला आणि पुढे जायचं सोडून ड्रोन गर्रकन वळला अन् आला त्या वाटेनं चालता झाला. आम्ही मागे धावलो. हा बहाद्दर सुटला होता त्याच पोत्यावर शांत येऊन बसलेला. सिग्नल गेला की जिथून उडाला त्या 'घरी' परत यायचं, हे त्याला शिकवलेलंच असतं. काकांचा चेहरा उतरला. अर्ध्या वाटेतून प्रवासी घेऊन गाडी माघारी, असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. मी सांगितलं की चालता चालता घराचा बिंदू पुढे सरकवता येतो. ते ऐकेनात. डेपो एकच असतो, रोज बदलत नाही. त्या दुपारी आणखी दोनदा ड्रोन माघारी आला आणि वहीत तीनदा 'फेरी रद्द' लिहिलं गेलं.

चौथ्या वेळी ड्रोन हवेत असतानाच पडद्यावरचा नकाशा झाकून फोन वाजला. देवणीचा. काका फोन वाजू देत होते. रिमोट हातात, ड्रोन वर, आणि त्यांना काही दिसेना म्हणून मीच गाडी थांबवून, मागे वळून फोन स्पीकरवर घेतला. आवाज बाईचा होता, थकलेला. "भाऊजी, आज तरी उचलला का. ह्यांना सोमवारी पुण्याला लेकीकडं न्यायलेत. परत आणतील असं दिसत न्हाई. एकदा येऊन जावा."

काकांनी ड्रोन खाली घेतला. मग बांधावर बसले आणि मला जे सांगितलं ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून काका एकदाही देवणीला गेले नव्हते. तीनदा स्टँडवर जाऊन गाडीत बसले आणि घंटी व्हायच्या आत उतरले. अप्पा खाटेवर पडलेला बघायची छाती होत नव्हती. रिकाम्या हातानं जाऊन बोलायचं काय? मग त्यांना हे सुचलं होतं. अप्पाला खाटेवरून उठवता येत नाही, तर रस्ताच खाटेपाशी न्यायचा.

"आन् ही गाडी तर सारखी निलंग्यालाच पळून यायली," ते म्हणाले. "माझ्यावानीच."

गुरुवार होता. सात टप्पे शिल्लक आणि दिवस तीन. मला एकदम सुचलं ते मी बोललो. "काका, मुक्कामी गाडीचा डेपो रात्री कुठं असतो?"

 काका उठले, पँट झटकली आणि म्हणाले की सर, ड्रोन आणून सतरा दिवस झाले, हे आधी सांगायचं होतं. मुक्कामी गाडीचं त्या रात्रीचं घर म्हणजे मुक्कामाचं गाव. नियमात बसत होतं. त्यांनी स्वतःच्या बोटानं घराचा बिंदू पुढच्या थांब्यावर सरकवला. कंट्रोलर बाई बोलली, "होम पॉइंट अपडेटेड." काका म्हणाले, "हाव बाई."

पुढच्या तीन दिवसांइतकी धमाल माझ्या आयुष्यात दुसरी आली नाही. मी कॉलेजला रजा टाकली. बॅटऱ्या गाडीत चार्ज व्हायच्या, आम्ही फाट्यावर भजी खायचो, काका सीटं मोजायचे, पुढचा टप्पा सुटायचा. मांजरेच्या पुलावरून ड्रोन गेला तेव्हा खालचं पाणी, पुलाची सावली आणि त्या सावलीवरून पळणारी ड्रोनची ठिपक्याएवढी सावली पडद्यावर दिसली आणि आम्ही दोघंही लहान पोरांसारखे ओरडलो. रविवारी दुपारी शेवटचा टप्पा. अप्पांच्या अंगणाचा बिंदू काकांनी इतका नेमका दिला होता की ड्रोन तुळशीपासून दोन हातांवर उतरला.

ड्रोन उतरला, पण काका गाडीतून उतरेनात. "कंडक्टर शेवटाला उतरतो," म्हणाले. मी मागे वळून सांगितलं, की गाडीत आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. अक्का, म्हणजे अप्पांच्या पत्नी, दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.  नुसत्या बाजूला झाल्या.

अप्पा खाटेवर होते. अंगानं मोठा माणूस, आता चादरीखाली थोडासा उरलेला. त्यांनी काकांकडे बघितलं आणि तोंड फिरवलं नाही, एवढंच. काका कुशल विचारायचं विसरले. मी लॅपटॉप त्यांना दिसेल असा लावला, टप्पे ओळीनं लावले. खाटेच्या पायथ्याशी काकांनी पेटी ठेवली आणि पंच काढला. टक-टक.

पडद्यावर निलंग्याचं स्टँड मागे पडलं. आणि चादरीखाली अप्पांचा डावा पाय हळूच पुढे दाबला गेला. मग डावा हात खाटेच्या कडेवरून उचलून मागे आला. क्लच आणि गिअर. मला ते कळायला वेळ लागला, अक्कांना लगेच कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. चिंचेचा फाटा आला, काकांनी एक ठोका दिला, पाय दाबला गेला, ड्रोन थांबला. दोन ठोके, पाय सुटला. दीड तास. काकांनी एक मिनिटही पुढे पळवू दिलं नाही आणि अप्पांनी एक थांबा चुकवला नाही.

अंगण आलं, तुळस आली. काकांनी शेवटचा एक ठोका दिला आणि वही काढली. उशीर या रकान्यात त्यांनी लिहिलं: दोन वर्षे. कारणाच्या रकान्यात: कंडक्टरची चूक. सही केली आणि वही अप्पांच्या छातीवर ठेवून पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं.

अप्पांनी बराच वेळ वाचलं. मग कारणाच्या रकान्यावर एक वाकडीतिकडी रेघ ओढली, पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्याखाली कष्टानं दोन अक्षरं काढली: जना. पुढे हात चालेना. पेन गळून चादरीवर पडलं.

काकांनी ते उचललं आणि उरलेली दोन अक्षरं स्वतः लिहिली. मग ड्रायव्हरच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी पेन पुन्हा अप्पांच्या हातात दिलं, आणि ते सही करेपर्यंत वही दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.