कप्प्यात मावणाऱ्या कॉम्प्युटरची निवड

मस्कतमधल्या अल हैलच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या शोकेसच्या कप्प्यात मावेल असा एक छोटा कॉम्प्युटर बसवायचा, असं स्वप्निल गजभियेने २०१७च्या सप्टेंबरात ठरवलं. ठरवण्यात काही गैर नव्हतं. वडील, भीमराव, पवनीहून पहिल्यांदाच मस्कतला यायचे होते. आई गेल्यापासून ते टीव्हीसमोर ताट घेऊन एकटेच जेवतात, असं शेजाऱ्यांकडून कानावर आलं होतं. इथे आल्यावर तरी त्यांनी नातीच्या बाजूला बसून मोठ्या पडद्यावर सिनेमे पाहावेत, क्रिकेट पाहावं. संबोधीने गेम खेळावेत आणि आजोबांनी काही न कळता कौतुक करावं, असं चित्र स्वप्निलच्या डोळ्यांसमोर होतं. एकाच यंत्रात सगळं.

बायकोने, प्रणालीने, अटी घातल्या. यंत्र कप्प्यात मावलं पाहिजे, दिसायला ओंगळ नको आणि त्याचा आवाज येता कामा नये.

"बाकी तुला काय हवं ते कर," ती म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही हे वाक्य स्वप्निलला ऐकवण्यातला धोका तिच्या लक्षात आला नव्हता.

स्वप्निल एका मोठ्या कंत्राटदार कंपनीच्या खरेदी विभागात वरिष्ठ इंजिनियर होता. त्याच्या हातून आजवर एकही चुकीचा व्हॉल्व्ह खरेदी झाला नव्हता, असा त्याचा लौकिक होता. बरोबर व्हॉल्व्हही फारसे झाले नव्हते, पण त्याबद्दल कुणाची लेखी तक्रार नव्हती.

कुठल्याही कामाची सुरुवात जागा मोकळी करण्यापासून होते, या तत्त्वाला अनुसरून त्याने पहिल्याच शुक्रवारी जुना टीव्ही आणि डिशचं कनेक्शन काढून टाकलं.

"अरे, चांगला चालू होता की," प्रणाली म्हणाली.

"म्हणूनच. चालू राहिला तर नव्याची निकड उरत नाही."

टीव्ही तळमजल्यावर राहणाऱ्या इक्बाल आणि जोहरा या मलबारी जोडप्याला देऊन टाकला. त्यांनी संध्याकाळी फणसाचे चिप्स पाठवून आभार मानले. नवा पडदा कोणता घ्यायचा हे कॉम्प्युटर ठरल्यावर ठरणार होतं, कारण आधी पडदा घेतला असता तर तांत्रिक निर्णयावर दबाव आला असता.

मग स्वतंत्र सल्लागार म्हणून धनंजय सुर्वेची नेमणूक झाली. धनंजय मूळचा चिपळूणचा, राहायला बौशरला. मित्रमंडळींत कॉम्प्युटरमधला दर्दी म्हणून त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. तो स्वतः मात्र ऑफिसच्या, बिजागरी तुटलेल्या लॅपटॉपवर भागवत होता, कारण घेण्यासारखी योग्य वेळ अजून आली नव्हती.

"बजेट राहू दे बाजूला," तो म्हणाला. "आधी डबा कुठला घेतोयस ते सांग. डब्यावर सगळं."

यंत्राचे सगळे भाग ज्यात बसवायचे तो डबा निवडला. सुबक होता, मिठाईच्या पेटीएवढा. त्यात चांगलं ग्राफिक्स कार्ड बोटभर बाहेर येत होतं. आखूड कार्ड मावत होतं, पण ते तापतं अशी जाणकारांची तक्रार होती. तापू नये म्हणून मोठा कूलर लावावा, तर डब्याचं झाकण लागेना. झाकण लागावं म्हणून मोठा डबा घ्यावा, तर तो कप्प्यात मावेना. मावावा म्हणून कप्पा कापायचा, तर शोकेस घरमालकाची. स्वप्निलने रीतसर घरमालकाला फोन केला. अर्बाबने, मालकाला इथे असंच म्हणतात, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि "इन्शाल्ला" म्हणून फोन ठेवला. स्वप्निलने ही सशर्त मंजुरी धरली.

हे सगळं होताना अजून एकही वस्तू घरात आलेली नव्हती, ही या प्रक्रियेतली सगळ्यात समाधानाची बाब होती. चूक होण्याची शक्यताच नव्हती.

रुवीतल्या दुकानदाराने, सादिकभाईने, आणखी एक बाजू उघड केली. "सर, आज लेंगे तो पुराना मिलेगा. अगले हफ्ते नया आ रहा है."

"और अगले हफ्ते आया तो?"

"तो उसके अगले हफ्ते का बता दूँगा, सर. आपसे क्या छुपाना."

अशा प्रामाणिक दुकानदारापुढे घाई करणं स्वप्निलला बरं वाटलं नाही. त्यात त्या हिवाळ्यात जगभरचे लोक आभासी नाणी खोदण्यासाठी ग्राफिक्स कार्डं पोत्यांनी उचलत होते. जे कार्ड पसंत पडे ते दुकानात नसे, आणि जे दुकानात असे ते तेवढ्या एका कारणानेच नापसंत होई.

"थांब जरा," धनंजय म्हणाला. "आता घेशील तर हसतील लोक."

कोण लोक, हे स्वप्निलने विचारलं नाही. ते त्यालाही माहीत होते. इंटरनेटवर त्याच्यासारखेच हजारो जण एकमेकांना थांबायला सांगत होते.

नोव्हेंबरात भीमराव आले. पाटबंधारे विभागातून निवृत्त झालेला, उंच, कमी बोलणारा माणूस. पहिल्या सकाळी चहाचा कप घेऊन ते सवयीने सोफ्यावर बसले. समोर भिंत होती. भिंतीवर चार स्क्रू आणि लोंबणारी एक वायर.

"इथं काय येनार हाय?" त्यांनी विचारलं.

स्वप्निलने त्यांना सगळं समजावून सांगितलं. डबा, कार्ड, कूलर, झाकण, अर्बाब. भीमरावांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. चहा संपल्यावर ते म्हणाले, "आमच्या विभागात एक कालवा होता. मी नोकरीला लागलो तवा त्याचा सर्व्हे सुरू झाला. मी रिटायर झालो तवा सर्व्हे लय चांगला झाला होता."

"बाबा, ते सरकारी काम. हे तसं नाही."

"नाई, तसं कसं असन," भीमराव म्हणाले. "ते लोकांच्या पैशाचं होतं."

स्वप्निलला हे थोडं लागलं. त्या आठवड्यात त्याने कामाला वेग दिला, म्हणजे आवाजाचा प्रश्न हाती घेतला. यंत्र चालू असताना आवाज येता कामा नये, ही अट. पण किती आवाज म्हणजे आवाज नाही? त्याने मोबाइलवर आवाज मोजायचं एक ॲप घेतलं आणि आधी रिकाम्या हॉलचा आवाज मोजून पाहिला. तेव्हा धक्कादायक बाब समोर आली. बाजारातल्या कॉम्प्युटरच्या सगळ्यात शांत पंख्यापेक्षा त्याच्या घरातला फ्रिज जास्त आवाज करत होता. अशा हॉलमध्ये महागडा शांत पंखा बसवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. फ्रिज बेडरूममध्ये गेला.

फ्रिज गेल्यावर एसी ऐकू येऊ लागला. एसीची हवा थेट कप्प्यावर यावी, म्हणजे यंत्राचे पंखे हळू फिरतील, म्हणून त्याची झडप वळवून घेतली. कप्पा गार पडला आणि सोफ्यावर बसणाऱ्यांना घाम फुटू लागला. मग स्वयंपाकघराचं दार बंद ठेवायचं ठरलं. मग भिंतीवरचं घड्याळ उतरलं. घड्याळही गेल्यावर ॲपवरच्या आलेखात मधूनच एक उंच टोक दिसू लागलं. स्वप्निलने दोन दिवस त्याचा माग काढला. तो भीमरावांचा खोकला होता.

"बाबा, तुम्ही मोजणी चालू असताना जरा आत..." तो म्हणाला.

भीमराव उठले. प्रणाली दारातच उभी होती.

"आवाज येऊ नये म्हटलं होतं मी, तो मशीनचा," ती म्हणाली. "माणसांचा नाही."

"मशीनचा किती हे कळायला आधी माणसांचा वजा करावा लागतो, प्रणाली."

"झालाच बघ वजा," ती म्हणाली आणि सासऱ्यांच्या मागे आत गेली.

त्याच संध्याकाळी भीमराव नातीला घेऊन जिन्यावरून खाली उतरत होते. तळमजल्याच्या दारातून क्रिकेटच्या कॉमेंट्रीचा आवाज येत होता. जोहराने दार उघडून म्हटलं, "आइए ना, अंकल." ते अवघडून आत गेले आणि टीव्हीसमोर बसले. तो स्वप्निलचाच टीव्ही होता. एका कोपऱ्यात संबोधीने लहानपणी चिकटवलेली चांदणी अजून तशीच होती.

पहिल्या दिवशी ते अर्धा तास बसले. पुढच्या दिवशी संबोधीच हाक मारायला आली. "आजोबा, चला ना, मॅच स्टार्ट झाला." शाळेत सगळं इंग्रजी आणि घरी निम्मं इंग्रजी, त्यामुळे तिचं मराठी अडखळत चालायचं. भीमराव तिला 'मॅच सुरू झाली' असं दुरुस्त करत आणि ती त्यांना फ्री हिट म्हणजे काय ते सांगत असे. जोहराच्या घरी आवाजाला मर्यादा नव्हती. इक्बाल विकेट पडली की मलयाळममध्ये ओरडे, भीमराव आपल्या बोलीत पुटपुटत, आणि कुणाचं काय म्हणणं आहे हे दोघांनाही समजे. काही दिवसांनी प्रणालीही भाजी निवडायला खाली जाऊ लागली.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी स्वप्निल ऑफिसातून आला. घरात कुणी नव्हतं. त्याने ॲप उघडलं. आलेख सरळ रेषेत होता, इतका खाली की त्याने तो बंद करून पुन्हा मोजला. हॉल अखेर तांत्रिकदृष्ट्या पात्र ठरला होता. त्याने लगेच धनंजयला फोन करून ही बातमी सांगितली. धनंजयही गहिवरला.

शुक्रवारी सकाळी भीमराव आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्यासमोर उभे राहिले.

"समुद्रावर जाऊन येऊ म्हणतो. तू आलास तर बरं वाटन. तुझ्यासंग मले थोडं बोलायचं बी होतं."

स्वप्निलच्या समोर दोन कूलरची तुलना उघडी होती. एक बारीक होता पण किंचित गुणगुणायचा, दुसरा मुका होता पण जाडा.

"एवढं एक ठरू द्या बाबा, दहा मिनिटं. मग जाऊच."

भीमराव सोफ्यावर टेकले. गरम होत होतं, म्हणून गॅलरीत गेले. स्वप्निलचं ठरलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि भीमराव संबोधीचा हात धरून कधीच जाऊन परत आले होते. त्यांच्या चपलांना वाळू लागलेली होती. काय बोलायचं होतं, हे स्वप्निलने जेवताना विचारलं.

"काई नाई," ते म्हणाले. "पोरीले सांगितलं मी."

संबोधीला विचारावं असं त्याला वाटलं. पण ती सांगेल ते तिच्या तुटक मराठीत सांगेल, आणि एखादा महत्त्वाचा तपशील गळून जाईल, म्हणून त्याने ते निवांत वेळेसाठी ठेवलं.

जानेवारीच्या शेवटी भीमरावांचा व्हिसा संपला. विमानतळावर त्यांनी नातीला पोटाशी धरलं, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मुलाला म्हणाले, "घाई नको करू. चांगलं पाहूनच घे." हे त्यांनी इतक्या साध्या सुरात म्हटलं, की ते सहज बोलले की टोचून, हे स्वप्निलला परतीच्या रस्त्यावर घर जवळ येईपर्यंत ठरवता आलं नाही. मग सादिकभाईचा फोन आला. कार्ड आलं होतं.

यानंतर सगळं भराभर झालं. डबा आला, कार्ड त्यात बसलं, झाकण लागलं, पडदा भिंतीवर चढला. अर्बाबने कप्पा कापायला नाही म्हटलं नाही, कारण त्याला पुन्हा विचारलंच नाही. यंत्र सुरू झालं तेव्हा ते सुरू झालंय हे कळायला दिव्याकडे बघावं लागलं. निवड निर्दोष होती. स्वप्निल सोफ्याच्या मधोमध बसला आणि पहिलं काय लावावं याचा विचार करू लागला. संबोधी खाली जोहराकडे होती. प्रणाली तिला आणायला म्हणून गेली होती ती तिथेच रमली होती. शेवटी त्याने यंत्राचं तापमान दाखवणारा आलेख मोठ्या पडद्यावर लावला आणि तो पाहत बसला. फार सुंदर दिसत होता.

थोड्या वेळाने त्याने पवनीला फोन लावला.

"बाबा, झालं एकदाचं. अजिबात आवाज येत नाही."

"काय म्हनते?"

"आवाज येत नाही म्हटलं, आवाज."

"मोठ्यानं बोल," भीमराव म्हणाले. "जेवून राहिलो. टीव्ही सुरू हाय."

पुढच्या महिन्यात यंत्र पाहायला मंडळी जमली. धनंजय होता, त्याचे बौशरचे मित्र होते, मदिनत सुलतान काबूस भागातून दोन कुटुंबं आली होती. कुणीतरी सहज विचारलं की एवढा वेळ का लागला, आणि प्रणालीने ते सांगितलं. तिने काही लपवलं नाही. चार स्क्रूंसमोर बसून चहा पिणारे सासरे, खोकला आला की आत जाणं, समुद्रावर न झालेलं बोलणं, सगळं तिने जसं घडलं तसं सांगितलं. एका बाईंनी पदराने डोळे टिपले. स्वप्निल जमिनीकडे पाहत होता.

मग मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थाने घसा साफ केला.

"फार वाईट वाटलं ऐकून, वहिनी," तो म्हणाला, आणि स्वप्निलकडे वळला. "पण मग शेवटी कार्ड कुठलं घेतलंत?"

खोलीतले सगळे पुढे सरकले. स्वप्निलने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला आणि तो पुढचा तासभर थांबला नाही.

त्या कार्डाचं नाव या कथेत मुद्दाम दिलेलं नाही. ज्या वाचकांना ते मघापासून हवं आहे, त्यांनी जरा मान वर करून आपल्या हॉलमध्ये कोण बसलंय ते बघावं. फार दिवसांचा व्हिसा कुणाचाच नसतो.