एका अंगणाचे बेचाळीस फोटो

घळीच्या काठावरील वसाहतीतल्या सर्व बेचाळीस घरमालकांस एकाच दिवशी एकच नोटीस मिळाली. वणवा पूर्वदक्षता कक्षाने तीत कळवले होते की, प्रत्येकाने घराभोवती तीस मीटरपर्यंतचे वाळलेले गवत, झुडपे व पालापाचोळा पंधरा दिवसांत काढावा आणि मोकळ्या झालेल्या जागेचा एक फोटो कक्षाच्या संकेतस्थळावर चढवावा. फोटोत माणूस नसावा. माणूस आढळल्यास फोटो बाद समजण्यात येईल.

एकेचाळीस जणांनी नोटीस वाचली, उन्हाच्या नावानं बोटं मोडली आणि ती फ्रिजवर चिकटवून टाकली. शेवटच्या घरातल्या टेलरकाकांनी मात्र चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि गळ्यातला टेप काढला. त्यांचं घर अगदी घळीच्या तोंडाशी. वणवा खालून चढला तर पहिला घास त्यांचाच. वसाहतीच्या फाटकाशी आगीचा एक बंब उभा असायचा, तो चार मिनिटांत त्यांच्या दारी पोचू शकत होता. त्या चार मिनिटांच्या भरवशावर काका-काकू उन्हाळ्यात डोळे मिटत होते.

काकांचा टेप दीड मीटरचा. तो वीस वेळा जमिनीवर टाकला की तीस मीटर भरतात. तसा त्यांनी तो चारही बाजूंना टाकला, खुंट्या ठोकल्या आणि कोयता हाती घेतला. अकरा दिवस म्हातारा राबला. तळहाताला फोड आले, कंबर धरली. काकू म्हणाल्या, गवत कापताय की कोट बेतताय? पण बाराव्या दिवशी जागा अशी निघाली की पेटती काडी टाकली असती तर तीही ओशाळून विझली असती.

लोक बघायला आले. सेक्रेटरींनी तोंडभरून कौतुक केलं, इतरांना आदर्श म्हणून एक फोटो काढला आणि वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. काका हरखून गेले. खरं तर तेव्हाच त्यांनीही आपला फोटो पाठवून मोकळं व्हायचं. पण शेवटची इस्त्री फिरल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा नाही, हा चाळीस वर्षांचा नेम. आणखी तीन दिवस त्यांनी कडा सारख्या केल्या आणि मुदतीच्या दिवशी फोटो चढवला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. सदर अंगणाचा फोटो यापूर्वी एकेचाळीस वेळा प्राप्त झाला आहे. परक्याचे अंगण स्वतःचे म्हणून दाखवल्याबद्दल आपली जागा 'अस्वच्छ' या वर्गात टाकण्यात येत आहे.

काका तडक कक्षात गेले. तिथले साहेब भला माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"एकेचाळीस लोक म्हणतात अंगण त्यांचं आहे. तुम्ही एकटे म्हणता तुमचं आहे. तुम्हीच सांगा काका, कक्षानं कोणाचं ऐकायचं?"

"साहेब, येऊन बघा ना. अर्ध्या तासाचं काम."

"स्थळपाहणी फोटो नसेल तर करायची असते. इथे तर बेचाळीस आहेत."

मग साहेबांनीच आपुलकीनं तोड सुचवली. काकांनी दुसरा फोटो आणावा, मात्र तो पहिल्या बेचाळीसांसारखा दिसता कामा नये. त्यासाठी एका बाजूला थोडं गवत वाढू द्यायला कक्षाची हरकत नव्हती.

काका चडफडत घरी आले तर बैठकीत अर्धी वसाहत बसलेली. काका तोंड उघडतील याची सगळ्यांना धास्ती. पुढे बसले होते नऊ नंबरच्या घरातले, काकूंचे सख्खे भाऊ.

"भाऊजी, तुमच्या कामावर विश्वास होता म्हणून तुमचा फोटो टाकला," मेहुणे दुखावल्या स्वरात म्हणाले. "दुसऱ्या कोणाचा टाकला असता का?"

काकूंनी डोळ्यांनीच गप्प बसा म्हणून सांगितलं आणि काका गप्प बसले. इथेच त्यांचं चुकलं, पण बायकोचा भाऊ समोर असताना खरं बोललेला माणूस कोणी पाहिलाय?

आठवड्याभरात कक्षाचं अभिनंदनपत्र आलं. बेचाळीसपैकी एकेचाळीस, म्हणजे सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक घरे निर्धोक झाल्याने वसाहतीस 'आदर्श' दर्जा देण्यात येत होता, आणि आदर्श वसाहतीस बंबाची गरज नसल्याने तो अन्यत्र हलवण्यात येत होता. आता मात्र काकांनी मेहुण्यांची भीड गुंडाळून ठेवली, पुन्हा कक्ष गाठला आणि सगळी वसाहत गवतानं भरलीय, एकाही घरानं काडी उचललेली नाही, असं स्पष्ट सांगितलं. साहेबांनी कागद चाळले. ज्यांचं स्वतःचं अंगण अस्वच्छ असतं ते नेहमी शेजाऱ्याकडे बोट दाखवतात, असा त्यांचा अनुभव होता. एका माणसाच्या आळसापायी बंब अडकवून ठेवता येणार नाही, असंही त्यांनी समजावलं.

बंब गेला. त्यानंतर नवव्या दिवशी, भर दुपारी, घळीतून धूर वर आला.

वारा वसाहतीकडेच होता. सेक्रेटरींनी कक्षाला फोन लावला, तेव्हा आपली वसाहत निर्धोक आहे, घाबरू नये, असं उत्तर मिळालं. मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. एकेचाळीस घरं पोरंबाळं, मांजरं, पिशव्या घेऊन धावत सुटली, ती थेट टेलरकाकांच्या अंगणात. फोटोवरून जागा सगळ्यांच्या चांगली ओळखीची होती. काकूंनी म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या. काका बादलीनं पाणी शिंपडत खुंट्यांच्या रांगेवरून फिरत राहिले. जाळ खुंट्यांपर्यंत आला, खायला काही नाही असं पाहून तिथे घुटमळला आणि तासाभरानं बसला. वसाहतीतली सात घरं गेली, माणूस एकही नाही.

दाटीवाटीत घामाघूम झालेले सेक्रेटरी कसेबसे काकांपर्यंत पोचले. काकांना वाटलं, बिचारा पाया पडतोय की काय.

"काका, राग मानू नका," सेक्रेटरी म्हणाले, "पण आणखी दहा मीटर साफ करायला हवं होतं तुम्ही. बायकामाणसांना टेकायलाही जागा नाही."

आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मेहुण्यांनी जरा जास्तच.

ही गोष्ट ऐकणारा प्रत्येकजण हळहळतो आणि म्हणतो, आमच्याकडेही अगदी असंच आहे, सगळं मलाच करावं लागतं. आजवर शेकडो जणांनी ऐकली, सगळेच्या सगळे टेलर निघाले. तेव्हा तुम्ही कोण, ते मी विचारत नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की बेचाळीस घरांत टेलर एकच होता.