आखलं तिथे कापलं

"झालं तुझं काम," शिंपीमास्तर बांधावर बसून विळा पुसत म्हणाले. "एक पान ठेवलं नाही."

संशोधक बाईंनी चहाचा थर्मास खाली ठेवला आणि समोर पाहिलं. संशोधन केंद्राच्या शेतातले बटाट्याचे सगळे वाफे करपा रोगाने काळे पडून उभे होते. मधला एकच हिरवागार राहिला होता. त्याला बाईंनी कधी औषधाचा थेंब दाखवला नव्हता, पाणीही निम्म्यावर आणलं होतं. हा प्रयोग पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला आज समिती येणार होती. आणि नेमका तोच वाफा कापून आडवा पडला होता.

"अहो, मी करपलेला पाला कापायला सांगितला होता."

"सांगितला होतास. पण इथे येऊन बघतो तर चुन्याने छान चौकोन आखलेला. आखलं तिथे कापायचं, एवढंच मी जन्मभर करत आलोय. म्हटलं, विचार बदललेला दिसतोय."

"तो चुना पाहुण्यांनी आत पाय घालू नये म्हणून होता."

मास्तरांनी विळा खाली ठेवला. मजूर रजेवर, म्हणून बिचारे शेजारधर्माने दुकान बंद ठेवून मदतीला आले होते. "पण कापलंय बघ किती सरळ," ते हळूच म्हणाले.

बाईंना रडावं की हसावं कळेना. तोवर मास्तरांनी एक झाड उचलून वरंब्यात खोचलंसुद्धा. "उसवलेलं परत टाचता येतं. लांबून कोण बघतंय?"

एरवी बाईंनी असल्या लबाडीला थारा दिला नसता. पण गाडी कुठल्याही क्षणी येणार होती, आणि हातून जात होती ती एवढ्या वर्षांची मेहनत. त्यांनीही पदराला हात पुसले आणि खोचायला बसल्या. मास्तरांनी झाडं अशी ओळीत लावली की मूळची तेवढी शिस्तीत कधीच उगवली नव्हती.

समिती उशिरा आली, ऊन मात्र वेळेवर आलं. तिघे सदस्य चुन्याच्या रेघेशी पोचेपर्यंत सगळ्या झाडांनी माना टाकल्या होत्या.

"हा करप्याला दाद न देणारा वाण?" कडक इस्त्रीतले अध्यक्ष म्हणाले. "हा तर शेजाऱ्यांच्या आधी चाललाय."

त्यांनी वाकून एक झाड धरलं. ते अलगद हातात आलं. मुळं नाहीत, खाली तिरका स्वच्छ काप. अध्यक्षांनी आधी कापाकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग उगाच आभाळाकडे बघणाऱ्या मास्तरांकडे.

"साहेब, चूक आमची आहे," बाईंनी सुरुवात केली. "हे सकाळी—"

खोचलेल्या जागची भुसभुशीत माती ढासळली आणि आत काहीतरी फिकट पिवळं चमकलं. अध्यक्षांनी बोट घातलं, मग हात, मग कोपरापर्यंत बाही. बटाटा बाहेर आला. त्यावर ना डाग, ना भोक. मागोमाग दुसरा, तिसरा. मातीत गांडुळं सळसळत होती.

"अहो, संपतच नाहीत," अध्यक्ष कुजबुजले, देवळात बोलावं तसे.

दोघे सदस्य त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. बाई सांगत राहिल्या: कसं कापलं, का खोचलं, सगळं. ऐकायला कोणीच नव्हतं. एका सदस्याने तर शेजारचा करपलेला वरंबाही उकरला, सडका बटाटा हुंगला आणि मुकाट्याने परत इकडे येऊन बसला.

"अहो, वजन करायचंय, सगळं एकत्र करू नका," बाईंनी सांगून पाहिलं. मग त्यांनाही राहवेना. आजवर त्यांनी हे बटाटे काट्यावर, तक्त्यात, काचेच्या बशीत कापून पाहिले होते. मातीत हात घालून, पुढे काय लागतंय याची वाट बघत, कधी नाही. त्या बसल्या. हाताला पहिला गार, गुळगुळीत गोळा लागला आणि त्यांनी दुसरा हातही मातीत घातला.

ऊन कलल्यावर अध्यक्ष उठले. इस्त्री ओळखू येत नव्हती. "बंद करायचं नाव काढू नका. पुढच्या हंगामाला जमीन वाढवून घ्या," ते म्हणाले आणि जरा घुटमळले. "एक विचारू? यातला एखादा घरी दाखवायला नेला तर चालेल?"

"संशोधनाचा माल आहे, साहेब. वजन झाल्याशिवाय हलवता येत नाही."

अध्यक्षांनी मान डोलावली. मग खाली बघत दोन्ही खिसे रिकामे केले आणि सगळे बटाटे एकेक करून वरंब्यावर परत ठेवले.