पाठकोरा अर्ज

गावाला वीज देणारा डीपी जळाला तेव्हा बन्सीधरच्या गिरणीत बायनाबाईची ज्वारी अर्धी दळून झाली होती. मोठा आवाज झाला, पट्टा थांबला आणि म्हातारी अर्धा डबा पीठ आणि अर्धी पिशवी ज्वारी घेऊन घराकडे निघाली. जाताना म्हणाली, "आता अर्ज करावा लागंल, बाबा." गिरणी बंद पडलेल्या माणसाला हे ऐकून वाईट वाटायला हवं. बन्सीधरला मात्र आतून गुदगुल्या झाल्या.

कारण माळसावंगीत लिखाण म्हटलं की बन्सीधर. रेशनकार्डाचा अर्ज असो, गुरुजींच्या निरोपाचं मानपत्र असो की कुणाच्या बारशाची पत्रिका, सगळं तोच लिहायचा आणि कुणाचा चहासुद्धा घ्यायचा नाही. "दळायचे पैसे घेतो, लिहायचे न्हाई," तो सांगायचा. "दळण माझं हाय, लिखाण देवाचं हाय. देवानं दिलेलं इकायचं कसं?" त्याच्या बायकोचं, राजेश्रीचं, याला काही म्हणणं नव्हतं. फक्त देवानं दिलं ते थोडं आखूड दिलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच ती म्हणायची.

संध्याकाळी सरपंच माणिकराव गिरणीवर आले. "बन्सीभाऊ, आजच्या आज अर्ज लिहा अन् उद्या सकाळी हापिसात नेऊन द्या."

"आजच्या आज?" बन्सीधर दुखावला. "लिखाण म्हंजे काय दळण हाय का माणिकराव, वरून टाकलं की खालून पडलं? ते आतून यावं लागतंय."

"मंग कवा येईल?"

"ते देवाच्या हातात."

देवानं दोन दिवस घेतले. तोवर गावातल्या बाया डोक्यावर डबे घेऊन जीपनं ताडकळसला दळायला जाऊ लागल्या. राजेश्री रिकाम्या गिरणीच्या दारात बसून त्यांना जाताना बघत होती. "तिथली गिरणी लय बारीक दळती मनायलेत बाया," ती आत वळून म्हणाली. "एकदा सवय लागली की परत येणार न्हाईत. दोन लेकरांची शाळा या गिरणीवर हाय, ध्यानात असू द्या."

तिसऱ्या दिवशी अर्ज आला. चांगला चार पानी आला. सुरुवात सूर्योदयापासून होती, दुसऱ्या पानावर आदिमानवाला अग्नी सापडला आणि तिसऱ्या पानावर बन्सीधरला स्वतःलाच आवडलेली ओळ होती: 'महोदय, ज्या गावात संध्याकाळ येते पण दिवा येत नाही, त्या गावाची सावलीसुद्धा पोरकी होते.' ती लिहून झाल्यावर त्यानं ती दोनदा मोठ्यानं वाचली होती.

राजेश्रीनं पानं उलटून पाहिली. "पाठपोट लिहा की. मागची बाजू समदी कोरीच सोडली. कागद कामून नासवता?"

"देवाचं लिखाण पाठपोट करू नाई. अक्षराच्या पाठीवर अक्षर बसवणं म्हंजे सरस्वतीच्या पाठीवर पाय देणं."

वीज कार्यालयात आवकच्या टेबलावर सुकेशनी मॅडम बसत. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग उरलेली दोन भराभर चाळली. "काका, यात डीपी कुठं हाय?"

"सूचित केलाय."

"कुठं?"

"तिसऱ्या पानावर बघा. 'ज्याचं हृदय जळालं तो मूक पहारेकरी.'"

"म्हंजे तुमचा वॉचमन भाजलाय का?"

"न्हाई ओ मॅडम, डीपीच. पण सरळ मनलं तर ते लिखाण कसलं?"

मॅडमनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, अर्जावर आवकचा शिक्का मारला आणि तो साहेबांच्या ट्रेमध्ये टाकला. "साहेब बघतील," त्या म्हणाल्या.

आठ दिवस गेले. रोजचं जीपभाडं परवडेना, तसं ज्वारीचं गाव भातावर आलं. बायनाबाई रोज येऊन उरलेली ज्वारी दाखवून जायची. माणिकराव विचारायचे, "साहेबांनी वाचला का न्हाई अर्ज?" बन्सीधर सांगायचा, "मोठं लिखाण पचायला येळ लागतोय." मागून राजेश्री म्हणायची, "हितं पचवायला काही राह्यलंच न्हाई." शेवटी ती म्हणाली, "आज काम झालं न्हाई तर उद्या मीच अर्ज लिहिते." हे मात्र वर्मी लागलं. बन्सीधरनं धुतलेला सदरा घातला आणि मिळेल ती जीप धरली.

साहेब आत एकटेच होते. टेबलावर वाकून काहीतरी लिहीत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोण आपण?"

"मी बन्सीधर. माळसावंगीचा. लिहितो." गिरणीचं सांगायचं त्याला सुचलंच नाही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "लिहिता? अरे वा. दार लोटा, बसा. मीही लिहितो. वीस वर्षं झाली, कधी एक पैसा घेतला नाही. ही देवाची देणगी आहे हो, तिचा बाजार कसा मांडायचा?"

बन्सीधरला भरून आलं. आपला माणूस भेटला. आता अर्जाचं चीज होणार.

"एक दीर्घ कविता झालीय," साहेब म्हणाले. "आत्ता या क्षणी पूर्ण झाली. ऐका." त्यांनी समोरच्या कागदांतलं पहिलं पान उचलून डोळ्यांपुढे धरलं आणि वाचायला सुरुवात केली.

बन्सीधरनं समोर पाहिलं. त्याच्याकडे आलेल्या बाजूवर त्याचंच अक्षर होतं. वर तिरका आवकचा शिक्का होता, खाली चहाच्या कपाचा गोल डाग होता. साहेबांची दीर्घ कविता त्याच्या अर्जाच्या कोऱ्या पाठीवर झाली होती. उठून निघून जावं, असं त्याला वाटलं. वाईट तर इतकं वाटलं की मूक पहारेकऱ्याचं जळालेलं हृदय म्हणजे काय, ते आता त्याला खरोखर कळलं.

पण नजर पहिल्या ओळीवर पडली होती आणि ती काही हटेना. आठ दिवसांत त्यानं आपला अर्ज वाचला नव्हता. साहेब मोठ्यानं ढगांविषयी वाचत होते, बन्सीधर मनात सूर्योदय वाचत होता. साहेबांनी पान बदललं की त्याचंही बदलायचं. अग्नी सापडला, पहारेकरी जळाला, आणि पोरक्या सावलीची ओळ आली तेव्हा बन्सीधरच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहायला लागलं.

साहेबांनी कागदावरून डोकावून पाहिलं. "तुम्ही रडताय?"

"लय आतून आलंय, साहेब."

"कुठली ओळ लागली?"

बन्सीधरनं बाहीनं डोळे पुसले. "एक काढून दाखवता येत न्हाई. समदंच लागलं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी रडलं," ते हळूच म्हणाले. मग त्यांना आठवलं. "बरं, तुमचं काम काय होतं?"

"गावचा डीपी जळालाय. अकरा दिवस झाले."

"अकरा दिवस? आणि तुम्ही अर्जसुद्धा केला नाही?"

बन्सीधरनं साहेबांच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. "राहून गेला," तो म्हणाला.

साहेबांनी पुढे केलेल्या चिठ्ठीवर त्यानं उभ्या उभ्या आयुष्यातला सर्वांत आखूड अर्ज लिहिला: 'माळसावंगीचा डीपी जळाला आहे. नवीन द्यावा.' साहेबांनी लगेच सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डीपी बसला. बायनाबाईची उरलेली ज्वारी सगळ्यात आधी दळली गेली आणि माणिकरावांनी गिरणीच्या दारात नारळ फोडला. "ह्याला मनतात लेखणी," ते गावाला ऐकू जाईल असं म्हणाले. "अर्ज वाचून साहेब रडले का हो, बन्सीभाऊ?"

"अर्ज वाचून डोळ्याला पाणी आलं हे खरं हाय," बन्सीधर म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

पीठ भरून झाल्यावर बायनाबाईनं पगारीच्या अर्जाचं काढलं. म्हातारपणाचे सरकारी पैसे चार महिने आले नव्हते. बन्सीधरनं हात झटकले, कागद घेतला आणि बैठक मारली. पहिलं पान सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत आलं. मग त्यानं तेच पान उलटलं आणि मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली.

डबा भरता भरता राजेश्रीचा हात थांबला. "आज पाठपोट? अन् सरस्वतीच्या पाठीचं काय?"

"ती देणगी देवानं लय जणांना दिलीय," बन्सीधर मान वर न करता म्हणाला. "कोरी जागा सोडून भागत न्हाई."