सोनकांबळे बाई लाईनवर आहेत

सोनकांबळे बाई आपण होऊन कधीच फोन ठेवत नाहीत. नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. समोरच्यानं रिसीव्हर ठेवल्याशिवाय आपण लाईन तोडायची नाही, ही तिथली सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. आपण म्हणावं, "बरं बाई, ठेवतो," तर त्या म्हणतात, "हाव, ठेवा." मग शांतता. त्या ठेवतील म्हणून आपण थांबतो, आणि त्या तर ठेवणारच नसतात. माझी बायको एकदा अशी कणीक भरल्या हातानं पाच मिनिटं उभी होती.

आमची कॉलनी लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका गावाच्या कडेला आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. मला तिथं अजून औषधाचं दुकान चालवायचं आहे. बाई माझ्या घरासमोर एकट्या राहतात. नवरा नोकरीत असतानाच गेला, मुलगी हैदराबादला. घरी त्यांची बोली जळकोटची, लई मोकळी. पण हातात फोन आला की आवाजाला इस्त्री होते. "नमस्कार, मी सोनकांबळे बोलते आहे. आपलं शुभनाव कळेल का?" पलीकडचा माणूस नकळत शर्टाची बटणं तपासत असावा.

निवृत्तीनंतर हा आवाज त्यांनी पालिकेच्या कामाला लावला. खांबावरचा दिवा गेला, नाली तुंबली, नळ आठव्या दिवशीही आला नाही, की आम्ही पुरुष मंडळी चहाच्या टपरीवर चर्चा करायचो आणि बाई नंबर फिरवायच्या. बहुतेक जण फोन कट करत. बाई कुणावर आळ घेत नसत. "लाईन खराब दिसते," म्हणायच्या आणि परत लावायच्या.

कट न करणारा माणूस एकच होता, बांधकाम विभागातले कारकून पांचाळ. "साहेब जागेवर नाहीत," ते सांगत. बाई म्हणत, "येऊ द्या. मी लाईनवर आहे." पांचाळ बिचारे रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून आपलं काम करत, आणि बाई स्पीकर चालू करून फोन गॅसशेजारच्या फळीवर ठेवून आपलं. एकदा तिकडून आवाज आला, "बाई, पाच शिट्ट्या झाल्या. वरण करपंल." पांचाळांच्या आईच्या गुडघ्याला बाईंनी इकडून लेप सांगितला होता. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं मात्र नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात कॉलनीच्या मधल्या मोकळ्या जागेला सकाळी सकाळी पत्रे लागले. ले-आऊटमध्ये ती जागा खुली सोडलेली. पोरं तिथं खेळायची, बाया कुरड्या वाळवायच्या, कुणाचं काही झालं तर मांडव तिथंच पडायचा. आत जेसीबी शिरला. मंगल कार्यालय होणार, असं कळलं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, परवानगी आहे, पालिकेत जाऊन बघा. पालिकेत कुणी काही दाखवीना. इकडे कॉलमचे खड्डे खोल होत चालले. संध्याकाळी आमची बैठक झाली. काहीतरी केलं पाहिजे यावर एकमत झालं आणि प्रत्येकानं शेजाऱ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पांचाळांना फोन लावला. साहेब कामात होते. बाई लाईनवर राहिल्या.

दुपारी त्या माझ्या दुकानात आल्या. चेहरा पार उतरला होता. काही कळलं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "कळलं. पण सांगता येत न्हाई."

झालं होतं असं की, साहेब आणि ठेकेदाराचा माणूस पांचाळांच्या टेबलापाशीच उभे राहून बोलले होते. रिसीव्हर चालू आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बाईंनी सगळं ऐकलं होतं.

"मग सांगा की," मी म्हणालो.

"ते मला सांगितलेलं न्हाई. लाईनवर पडलेलं हाय. लाईनवरचं बाहेर काढायचं न्हाई."

दोन दिवस सगळी कॉलनी बाईंच्या मागं लागली. निवृत्त मुख्याध्यापक देशमुख सरांनी कायदा समजावला. माझी बायको धपाटे घेऊन गेली. कुणीतरी तिखटपणे म्हणालं, बाई तत्त्व सांभाळून राहिल्या आणि तिकडं सळया उभ्या होऊन राहिल्या. बाई ऐकून घेत होत्या. तिसऱ्या दिवशी मी शेवटचं विनवायला गेलो, तेव्हा त्यांनी मला खाली बसवलं.

नोकरी नवीन असताना किनवटकडच्या एका वसतिगृहातून एका मुलीनं बहिणीला ट्रंक कॉल केला होता. मला ते स्थळ नको, मला शिकायचंय, असं ती रडत सांगत होती. बाईंना वाईट वाटलं. डबा खाताना त्यांनी ते सोबतच्या बाईला बोलून दाखवलं. ती निघाली मुलाकडच्यांच्या नात्यातली. आठ दिवसांत मुलीचं नाव शाळेतून काढलं, असं बाईंच्या कानावर आलं.

"तिचं नाव बी मला माहीत न्हाई," बाई म्हणाल्या. "आवाज तेवढा माहीत हाय."

मी उठलो. तेवढ्यात त्यांनी थांबा अशी खूण केली आणि फोन लावला. आवाजाला इस्त्री झाली.

"पांचाळ, परवा तुमचा रिसीव्हर टेबलावर होता. मी सगळं ऐकलं. कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण तुम्हीसुद्धा ऐकलंय. तुमच्या ऑफिसातली गोष्ट आहे. तुम्हाला सांगता येते."

पलीकडं नुसता पंख्याचा आवाज. आता हाही फोन कट होणार, असं मी धरून चाललो. बाई वाट पाहत राहिल्या.

"बाई," पांचाळ हळू आवाजात म्हणाले, "एक अर्ज द्या. परवानगी दिली आहे काय, एवढंच विचारा. खरं असंल ते लिहून देतो. सही माझी राहील."

अर्ज मीच स्कूटरवरून नेऊन दिला. चौथ्या दिवशी उत्तर आलं. सदर खुल्या जागेवर कोणत्याही बांधकामास परवानगी दिलेली नाही. खाली पांचाळांची सही, नीट वाचता येईल अशी.

कागद हातात आल्यावर कॉलनीला पाय फुटले. देशमुख सर पुढं, आम्ही सगळे मागं, असे मुख्याधिकाऱ्यांकडं गेलो. काम थांबवण्याची नोटीस निघाली. पत्रे ज्या टेम्पोतून आले त्याच टेम्पोतून गेले, खड्डे बुजले. त्या दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून इतका गाढ झोपलो की गिऱ्हाईकानं पत्रा वाजवून उठवलं. संध्याकाळी मैदानात पोरांचा कालवा ऐकू आला, तो कुणालाच जास्त वाटला नाही.

आठवड्यानं एक किडकिडीत, केस पिकलेला माणूस मोपेडवर पुढं 'खुली जागा' असा बोर्ड घेऊन आला. बाई फाटकात उभ्या होत्या. बोर्ड कुठं लावायचा, असं त्यानं विचारलं. बाईंनी चमकून वर पाहिलं.

"पांचाळ?"

"हाव, बाई."

बोर्ड लावणं कारकुनाचं काम नव्हे, हे मलासुद्धा कळत होतं.

बाई तशाच आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. पांचाळ ओशाळून माझ्याकडं बघू लागले. बाई बाहेर आल्या त्या कडक इस्त्रीची साडी नेसून, केस नीट विंचरून. मी बघतोय हे पाहून मला हळूच म्हणाल्या, "एकतीस वर्षं नुसते आवाज आले. माणूस पहिल्यांदाच घरी आलं."

त्यांनी आम्हा दोघांना जेवायला बसवलं. मला वाटलं, आता यांच्या गप्पांना खंड पडायचा नाही. पण समोरासमोर आल्यावर पांचाळ ताटाकडं बघत जेवत होते, बाई तव्याकडं बघत भाकरी थापत होत्या. दुसरी भाकरी संपत आली तेव्हा पांचाळांनी विचारलं, "आईला एकदा घेऊन येऊ का?"

बाईंनी नुसती मान डोलावली आणि न विचारताच तिसरी भाकरी त्यांच्या ताटात वाढली.