बेरनची वंशावळ

वंशावळ मांडावी तर सिद्धोधन सरांनी! असं ताडकळसमध्ये दुसरं कुणी म्हणत नसे, सर स्वतःच म्हणत. लेकीच्या, निकिताच्या जात पडताळणीसाठी त्यांनी घराण्याची वंशावळ लिहिली आणि हात चालतोयच म्हणून त्याच बैठकीत दहावीच्या इंग्रजीच्या वर्गासाठी 'बेरन'चीही लिहून टाकली. बेरन म्हणजे वाहून नेणे. इंग्रजी, जर्मन, स्वीडिश या भाषांच्या आजीच्या तोंडचं क्रियापद! दोन्ही कागद सारख्याच फायलींत गेले.

अर्जाचा शेवटचा दिवस. पाचला खिडकी बंद, की निकिताचा प्रवेश गेला! परभणीच्या कचेरीत माणिकराव बाबूंनी आधी आवकचा शिक्का मारला, मग चष्मा लावला.

"सर, मूळ पुरुष बेरन?"

"आँ?"

"लेकरं लय लांब पांगलीत की! एक इंग्लंडात, एक जर्मनीत, एक स्वीडनात. गॉथिक नावाचा एक निर्वंश. आन् बेरनच्या डोक्यावर ही चांदणी कशाची?"

प्रश्न आला की सरांना शिकवल्याशिवाय राहवतं होय! "लेखी पुरावा न्हाई, त्याची खूण. लेकरांचे तोंडवळे बघून बाप ठरवलाय."

"बाप अंदाजानं? इथं एकोणीसशे पन्नासच्या आधीचा कागद लागतो!"

"पप्पा, ही आपली न्हाई!" निकिता ओरडली.

सरांनी शाळेत गणिताच्या माधवी मॅडमना फोन लावला.

"तुमचा तक्ता फळ्याशेजारी चिकटवलाय, सर. पोरं पाठ करायलीत. सोनबाचा गंगाराम, गंगारामचे चार... इंग्रजी लय सोपी केलीत की!"

"मॅडम, सोनबा माझा पणजोबा हाय! काढा त्याला भिंतीवरून!"

पाचला दहा कमी असताना मॅडमची स्कूटी दारात आली. कागदाच्या पाठीला भिंतीचा चुना, पण एकही नाव फाटलं नव्हतं! बाबूंनी अर्ज घेतला; शिक्का बसलेला बेरनचा कागदही तिथंच राहिला. निकिता पायरीवर बसून हसता हसता रडली. "सुटलो बाबा!" म्हणत सरांनी पाण्याची अख्खी बाटली रिकामी केली.

महिन्याभरात प्रमाणपत्र आलं. पेढे वाटून होतात न होतात तोच कचेरीचं दुसरं पाकीट! गोल शिक्का, जावक क्रमांक, सही, सगळं शिस्तीत. 'श्री. बेरन, रा. ताडकळस. मूळ कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे.'

सरांनी ते दोनदा वाचलं. मग वर्गात जाऊन त्यांनी भिंतीवरच्या नव्या तक्त्यात बेरनच्या डोक्यावरच्या चांदणीला व्हाइटनर लावला. आता लेखी पुरावा होता!